न्हाणीच्या पाण्यावरचं वेखंड

देगलूरच्या शिवकांताबाईंकडं फुलं मागायला कुणी जात नाही. त्यांच्या परसात फुलं नाहीतच. एक जास्वंद होती, तीही त्यांनी स्वतःच्या हातानं उपटली, कारण तिची मुळं वेखंडाच्या वाफ्यात घुसायला लागली होती. न्हाणीचं पाणी भिंतीबाहेर पडतं तिथं दगड रचून अडवलेला, एक बाज मावेल एवढा चिखल आहे आणि त्या चिखलात गुडघ्याच्या वर वाढलेली लांब, टोकदार, हिरवी पाती आहेत. नवख्या माणसाला ते गवतच वाटतं. एकदा नळाचा पाइप बदलायला आलेल्या माणसानं गवत समजून त्याला विळा लावला होता. त्यावर शिवकांताबाईंनी त्याला जे ऐकवलं ते अख्ख्या गल्लीच्या लक्षात आहे, कारण एरवी ही बाई दिवसभरात मोजकंच बोलते.

वेखंडाची पहिली मुळी त्यांच्या आईनं, नागम्मानं दिली. नागम्मा तेलंगणातल्या सरहद्दीवरच्या गावची. लेक सासरी निघाली तेव्हा तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक गाठाळ मुळी लेकीच्या पिशवीत सरकवली आणि सांगितलं, "पाण्याजवळ लाव. लेकरंबाळं होतील तवा लागंल." तिकडं तिला तेलुगूत 'वस' म्हणतात. इकडं शिवकांताबाईंच्या सासूबाई तिला कानडीत 'बजी' म्हणायच्या. बाजारात वेखंड. एका मुळीची तीन नावं या घरात सुखानं नांदली, सासू-सुनेचं मात्र सुरुवातीला जरा अवघड गेलं.

वेखंडाच्या पायात सतत पाणी लागतं. मराठवाड्यात असलं झाड लावणं म्हणजे हट्टच. टँकरची वाट बघायची वेळ आली त्या उन्हाळ्यांतही शिवकांताबाईंनी वाफा सुकू दिला नाही. त्यांचे यजमान शरणप्पा घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवतात. ते न्हाणीत गेले की बाहेरून आवाज यायचा, "साबण कमी लावा, पाणी वाफ्याला चाललंय." शरणप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे की आमच्या घरात आधी वेखंड अंघोळ करतं, उरलं तर मी. गिऱ्हाईक हसायचं, आणि आतून शिवकांताबाई एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यांना पटलेलं असायचं.

थंडी सुरू झाली आणि पाती पिवळी पडून लोळायला लागली की खणायचे दिवस. कुदळ चालत नाही, मुळी दुखावते. शिवकांताबाई लुगडं खोचून चिखलात बसतात, कोपरापर्यंत हात घालतात आणि आडव्या पसरलेल्या मुळ्या चाचपून काढतात. अर्ध्या काढायच्या, अर्ध्या पुढच्या सालाला ठेवायच्या. मग धुवायच्या, वरची तंतुमुळं निखाऱ्यावर जाळायची, बोटाएवढे तुकडे करायचे आणि सुपात घालून सावलीत वाळवायचे. उन्हात घातलं तर वास उडतो, आणि वास उडाला की वेखंडात राहिलं काय? या दिवसांत घरातले कपडे, पांघरुणं, दुकानातली साखर, सगळ्याला त्याचा उग्र वास लागतो. त्यांचा मुलगा वीरेश शाळेत होता तेव्हा पोरं त्याला वर्गात लांब बसवायची.

पण गरज पडली की त्याच पोरांच्या आया दारात. लेकराचं पोट फुगलं, की वेखंड उगाळून बेंबीभोवती लेप. सर्दीनं डोकं जड झालं, की कपाळावर गरम लेप. डोक्यात उवा झाल्या, की शिकेकाईत भुकटी. ज्वारीच्या कणगीत, रेशमी साड्यांच्या घडीत दोन-दोन तुकडे, म्हणजे कीड नाही. शिवकांताबाई देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. कुणी लई आग्रह केला तर म्हणतात, "न्हाणीचं पाणी हाय. त्याचे काय पैशे घ्यायचे?"

आणि सगळ्यात मोठा उपयोग जिभेचा. बारसं झालं, लेकराच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं, कपाळाला विभूती लागली, की पुढं दर रविवारी अंघोळीनंतर वेखंड सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचं आणि करंगळीच्या टोकावर लागेल एवढंच बाळाच्या जिभेवर फिरवायचं. त्यानं बोल लवकर येतात, स्वच्छ येतात, अशी या भागातली श्रद्धा. नागम्माच्या गावाला तर बडबड्या पोराला 'ह्याला वस जास्त पाजलंय' असंच म्हणतात. गल्लीतली निम्मी पोरं शिवकांताबाईंच्या करंगळीवर वाढलेली. एखाद्याचं तोंड मिटेनासं झालं की आई कपाळावर हात मारून घ्यायची, "हे शिवकांताबाईचं वेखंड बोलून राहिलंय!" शिवकांताबाई यावर हसायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांची भाकरी जरा जास्तच टम्म फुगायची.

म्हणून शिवांगीचं जे झालं ते त्यांना फार लागलं.

शिवांगी ही वीरेशची पहिली लेक. सून वर्षाराणी रेणापूरची, बारावी झालेली, हसरी, पण मनातलं धरून ठेवणारी. नात झाली तेव्हा शिवकांताबाईंनी वाफ्यातली सगळ्यात जाड, सगळ्यात वासाची मुळी तिच्यासाठी बाजूला काढली. गल्लीतल्या कुठल्याच लेकराला मिळालं नाही इतकं निगुतीनं तिला वेखंड मिळालं. पोरगी गोरीगुटगुटीत, चालायला वेळेवर लागली, नजर तर अशी की मुंगीसुद्धा सुटायची नाही. फक्त बोलेना. दोन वर्षं उलटून गेली तरी आई नाही, अप्पा नाही, काऊ नाही. हवं ते बोटानं दाखवायची, नाही मिळालं की किंचाळायची.

घरात कुणी काही म्हणालं नाही, पण दुकानात येणाऱ्या बायका आत डोकावून विचारायच्या, "बोलती का वो नात आता?" विचारण्यात वाईट काही नव्हतं. शिवकांताबाईंना मात्र ते टोचायचं. सगळ्यांच्या पोरांची जीभ सोडवणारी बाई, आणि तिच्याच घरात हे. त्यांनी रविवारबरोबर बुधवारही सुरू केला.

दिवाळी झाली आणि एके दिवशी भांडी घासता घासता वर्षाराणी म्हणाली, "आत्या, हिचे कान एकदा नांदेडला दाखवून घिऊ का?"

"कानाला काय झालंय तिच्या?"

"मागून हाक मारली तर बघत न्हाई."

"हाकंला ह्या घरात कोण बघतंय? तुजा नवरा बघतो का?" शिवकांताबाई म्हणाल्या. "अन् मी वेखंड उगाळाया बसले की परसात असू दे, माळवदावर असू दे, पळत येती न्हाई का? बहिऱ्या पोरीला सहाण कशी ऐकू आली असती?"

हे खरं होतं. वर्षाराणीनंही ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सहाणेचा तो घर्र घर्र आवाज सुरू झाला की शिवांगी हातातलं टाकून यायची आणि आजीपुढं जीभ काढून उभी राहायची. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला तेव्हाही ती दचकून आईला बिलगली होती. वर्षाराणी भांडी विसळायला लागली. रात्री तिनं वीरेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "अव्वाला लेकरांचं आपल्यापेक्षा जास्त कळतंय. मी बी उशिराच बोललो होतो म्हणं." आपल्या आईला तो अव्वाच म्हणतो. शरणप्पांचंही तेच मत पडलं. लेकरांच्या बाबतीत या घरात शिवकांताबाईंच्या वर कुणाचा शब्द जात नव्हता. वर्षाराणीनं तो विषय पुन्हा दोनदा काढला आणि दोन्ही वेळा सहाणेपाशी तो संपला.

थंडी सरत आली होती. शेजारची ज्योत्स्ना एका दुपारी तान्ह्या बाळाला घेऊन आली. बाळाच्या पोटात मुरडा होता, रडून रडून लालबुंद झालेलं. शिवकांताबाईंनी सहाण पुढं ओढली. पोटाचं दुखणं म्हणून आधी मुरडशेंग घेतली, मग हिरडा. वेखंड शेवटी थोडंसं, बेंबीला लावायला. शिवांगी परसात पाठमोरी बसून नारळाच्या करवंटीत माती भरत होती.

मुरडशेंग चांगली कडक होती. सहाण रोजच्यापेक्षा जोरात वाजत होती. शिवांगीनं वळून पाहिलं नाही.

शिवकांताबाईंच्या ते लक्षात आलं, पण नुसतं लक्षात आलं. खेळात असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. हिरडा घेतला. तोही घर्र घर्र वाजला. पोरगी माती भरत होती. मग त्यांनी डबीतून वेखंड काढलं, पाण्याचा थेंब टाकला आणि दोन-तीन वळसे दिले न दिले तोच शिवांगीनं मान वर केली. नाक जरासं हललं. करवंटी टाकून ती उठली, धावत आली आणि जीभ बाहेर काढून उभी राहिली.

ज्योत्स्ना कौतुकानं म्हणाली, "बघा की, कसं कळतंय तिला!"

शिवकांताबाईंचा हात सहाणेवरच थांबला. त्यांनी बाळाच्या बेंबीला लेप लावला, ज्योत्स्नाला दूध कसं पाजायचं ते सांगितलं, तिला दारापर्यंत सोडलं. सगळं नेहमीसारखं. मग परत येऊन नातीला पुन्हा करवंटीपाशी बसवलं आणि तिच्या मागं चार हातांवर उभ्या राहिल्या. "शिवांगी," त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. टाळ्या वाजवल्या. तांब्यात पळी घालून खणखणा हलवली. पुढं दुकानातून शरणप्पांनी विचारलं, "काय चाललंय गं?" पोरीनं वळूनही पाहिलं नाही. ती मातीवर थाप मारत होती.

शिवकांताबाई सहाणेपाशी गेल्या, उगाळलेलं वेखंड बोटावर घेतलं, अनवाणी पायांनी आवाज न करता मागून आल्या आणि ते बोट तिच्या खांद्याजवळ नुसतं धरलं. शिवांगी चटकन वळली आणि हसली.

शेवटी त्यांनी परात आणली आणि फरशीवर टाकली. तेव्हा कुठं पोरीचे खांदे दचकले.

त्या न्हाणीच्या पायरीवर येऊन बसल्या. आपल्याला इतके दिवस कळलं कसं नाही, याचा त्यांना स्वतःचाच राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. पोरगी सहाणेला कधीच येत नव्हती. वासाला येत होती. आणि त्या वासाच्या जोरावर आपण सुनेला तीनदा गप्प केलं.

वर्षाराणी आत पीठ मळत होती. शिवकांताबाई दारात उभ्या राहिल्या. कसं सांगायचं याची त्यांना सवय नव्हती, म्हणून सरळच सांगितलं.

"वीरेशला म्हणावं उद्या दुकानात बसू नको. नांदेडला जायचंय. तुजं खरं हाय. पोरीला ऐकू येईना."

वर्षाराणीनं हात थांबवले नाहीत. "अन् सहाण?"

"वास येतो तिला. आज बघितलं मी."

आता वर्षाराणी थांबली. शिवकांताबाईंना वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही, चिडली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासूवर आवाज चढवून बोलली. "दिवाळीपासून म्हणून राहिले मी, आत्या. दिवाळीपासून! म्या आई हाय तिची, मला काय कळतच न्हाई का? सगळ्या गल्लीच्या लेकरांचं तुमाला कळतंय म्हणून मी बी मानलं. माझंच चुकलं, मी ऐकायला न्हाई पाहिजे होतं." मग रडली.

शिवकांताबाईंनी सुनेच्या हाताखालची परात ओढून घेतली आणि राहिलेलं पीठ स्वतः मळलं.

नांदेडला कानाच्या दवाखान्यात पोरीला झोपवून डोक्याला तारा लावून तपासणी झाली. तिथल्या मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. दोन्ही कानांनी ऐकू येणं बरंच कमी आहे, पण पार गेलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. जाड आवाज, धमाका, तेवढं कानात शिरतं. कानाला यंत्र लावू, त्यानं किती फरक पडतो ते बघू, नाही पडला तर ऑपरेशनचा विचार करू. वेखंडाचं वर्षाराणीनं सांगितलं, सासूकडं न बघता. मॅडमनी मान हलवली. "पोटात देणं आता बंद करा. लहान लेकराला ते बाधूही शकतं. आणि ऐकूच येत नसेल तर जिभेला लावून बोल कसे येतील? जे कानात जाईल तेच तोंडातून निघणार." मग म्हणाल्या, "यंत्रानं अर्धं काम होतं. उरलेलं घरच्यांनी करायचं. तिच्यासमोर बसून दिवसभर बोलायचं. जे कराल ते सांगत करायचं. घरात सगळ्यात जास्त बोलतं कोण?"

वीरेशनं बापाचं नाव घेतलं. पण शरणप्पा दिवसभर दुकानात. वर्षाराणीला पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना, उलट्यांनी बेजार. शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरून शिवकांताबाईंवर आल्या. त्या मॅडमना म्हणाल्या, "मला बोलता येत न्हाई वो तेवढं."

"मग तुम्हालाच आधी शिकावं लागेल," मॅडम म्हणाल्या, आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

घरी आल्यावर शिवकांताबाईंनी जिभेसाठी वेखंड देणं थांबवलं, स्वतःच्या घरात आणि गल्लीतही. लेप, उवा, कणगी, साड्या, यासाठी हवं तेवढं घेऊन जा. पण 'पोर बोलेना, जरा वेखंड द्या' म्हणून कुणी आलं, की त्या पोराला आईच्या मांडीवर पाठमोरं बसवायच्या आणि तांब्यात पळी हलवायच्या. पोर वळलं तर म्हणायच्या, "बोलंल. तू बोल त्याच्याशी." नाही वळलं तर नांदेडचा पत्ता. काही बायकांना हे आवडलं नाही. देण्याघेण्यात आता हात आखडला म्हणून एक-दोघी बोलल्याही.

बोलणं मात्र जिवावर आलं. पहिले काही दिवस तर त्यांची फारच फजिती झाली. पोरीच्या दोन्ही कानांमागं यंत्रं, ती पडू नयेत म्हणून दोरीनं फ्रॉकला अडकवलेली, आणि समोर आजी तोंड उघडून बसलेली, काय बोलावं ते सुचत नाही. "हे पान," त्या म्हणायच्या. थांबायच्या. "हे पाणी." पुन्हा थांबायच्या. आतून वर्षाराणी म्हणायची, "आत्या, यादी वाचल्यावानी नका करू. माझ्याशी बोलता तसं बोला." तुझ्याशी तरी मी कुठं बोलते, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं.

मग त्यांनी तेच सुरू केलं. पोरीला समोर घेऊन सुनेशी बोलायला लागल्या. सुचेल ते, सुचेल तेव्हा. "वर्षा, हिनं बघ माती खाल्ली. वर्षा, यंत्र शिट्टी मारून राहिलंय, बॅटरी बघ बाई. वर्षा, मांजर आलं. वर्षा, तू जेवलीस का?" चाळीस वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं त्या एका उन्हाळ्यात बोलल्या. घसा बसायचा. शरणप्पा दुकानातून म्हणायचे, "नागम्मानं तुला वस पाजलंच न्हवतं वाटतं, आता पाजलं का कुणी?" वर्षाराणी आतून उत्तर द्यायची, कधी हसायची. कधी कधी पोरीच्या निमित्तानं सुरू झालेलं बोलणं पोरगी झोपली तरी चालू राहायचं. तिच्या माहेरचं, आईच्या दम्याचं, पोटातल्या लेकराचं. शिवकांताबाईंना हे सगळं माहीत नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी सुनेला तसं सांगितलंही.

शिवांगी आवाजाकडं वळायला लागली. कुकरच्या शिट्टीला, मांजराला, नंतर हाकेला. तोंडानं मात्र नुसतं आऽ, बाऽ. पावसाळा आला. वर्षाराणीला मुलगा झाला. दर महिन्याला नांदेडच्या खेपा चालूच होत्या. घरातल्या प्रत्येकानं मनात एकेक शब्द धरून ठेवला होता. वीरेशला वाटायचं अप्पा म्हणेल. वर्षाराणीला दुसरं कुठलं वाटणार, तिला आई हवं होतं. शिवकांताबाईंनी काहीच धरलं नव्हतं. धरायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटे. कुठलाही निघू दे म्हणायच्या, शिवी निघाली तरी चालेल.

पाती पुन्हा पिवळी पडली. एका सकाळी शिवकांताबाई वाफ्यात बसल्या, कोपरापर्यंत चिखलात. शिवांगी काठावर, यंत्रांना पाणी लागू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधलेली. आजी मुळी काढायची, पोरगी पाटीत टाकायची. आजीचं बोलणं आता आपोआप चालायचं. ही बघ केवढी निघाली, ही कुजली, टाक तिकडं. पाटी भरली. दुसरी आत होती. हात चिखलात, उठायचा कंटाळा. शिवकांताबाईंनी घराच्या दाराकडं मान वळवली आणि हाक मारायला श्वास घेतला.

"वश्शाऽ!"

आत तान्ह्याला पाजत बसलेली वर्षाराणी म्हणाली, "आले, आत्या!" आणि बाळाला खांद्यावर टाकून, पदर सावरत दारात आली. "काय पायजे?"

शिवकांताबाई चिखलात तशाच बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडं पाहिलं, मग काठावर बसलेल्या नातीकडं.

"मी न्हाई हाक मारली," त्या म्हणाल्या.